‘मला तसा अनुभव नाही’ : जॉन ड्यूई, प्रयोगशाळा आणि आपण



आमंत्रणात ‘फलप्रामाण्यवाद’ असा भारदस्त शब्द वाचूनही तुम्ही शनिवारची दुपार इथे घालवायला आलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक नाही. वैद्यकीय उपकरणांच्या चाचण्या करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आणि तत्त्वज्ञान हा वाचनाचा नाद. त्यामुळे आज जे बोलणार आहे त्यात उपकरणं जरा जास्त आणि तत्त्वज्ञान जरा कमी वाटलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात एका शब्दापासून करतो. मराठीत आपण ‘अनुभव’ या शब्दाला फार राबवतो. नोकरीच्या अर्जात तो वर्षांनी मोजतो. प्लंबर फसवून गेला की ‘वाईट अनुभव आला’ म्हणतो. आणि एखाद्या बाबांच्या मठात जाऊन आलेले आपले काका ‘मला अनुभव आलाय’ असं डोळे मिटून सांगतात, तेव्हा त्यापुढे प्रश्न विचारायचा नसतो. फार तर ‘तूही एकदा घेऊन बघ’ असं आमंत्रण मिळतं.

आणखी एक वापर मला २०२३ साली वारंवार ऐकू आला. त्या वर्षी फेब्रुवारीत सिएटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. कॅलिफोर्नियातही तसं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारलं. त्या सगळ्या महिन्यांत आपल्या गणपतीत, पॉटलकमध्ये, पोरांच्या सॉकरच्या मैदानाच्या कडेला एकच वाक्य कानावर यायचं : “मी पंचवीस वर्षं या देशात आहे, मला कधी जातीचा अनुभव आला नाही.” बोलणारी माणसं सज्जन होती, आणि माझ्या मते ती खोटंही बोलत नव्हती. वाक्य खरं आहे आणि तरी त्यातून काही सिद्ध होत नाही, हे कसं? याचं मला पटलेलं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्रयोगशाळांत आहे. म्हणून हा विषय.

आता थोडा इतिहास. अनुभवाची जुनी कल्पना अशी होती : मन म्हणजे कोरी पाटी, बाहेरून संवेदना येतात आणि तिच्यावर उमटतात. जॉन लॉकपासूनची ही कल्पना. अनुभव म्हणजे आपल्यावर होणारी गोष्ट, आपण फक्त घेणारे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत या संवेदना मोजायची टूम निघाली. १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लाइप्झिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली आणि अमेरिकेतली हुशार पोरं तिकडे जाऊ लागली, जशी पुढे आपण इकडे आलो.

फलप्रामाण्यवादाचे तीन मोठे पुरुष, चार्ल्स पर्स, विल्यम जेम्स आणि जॉन ड्यूई, हे तिघेही या नव्या मानसशास्त्राच्या वाऱ्यात वाढले. जेम्स हे शिक्षणाने डॉक्टर. हार्वर्डला आधी शरीरशास्त्र शिकवत आणि तिथूनच मानसशास्त्राकडे वळले. ड्यूई १८८२ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला पीएचडीसाठी गेले, तेव्हा तिथे पर्स तर्कशास्त्र शिकवत होते आणि स्टॅन्ली हॉल मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी करत होते. (फलप्रामाण्यवाद हे मराठी नाव मला फारसं आवडत नाही. ‘काम झालं की खरं’ असा बाजारू वास त्याला येतो. पण रूढ झालंय, असो.)

पर्स यांचा एक प्रयोग माझ्या फार आवडीचा आहे, कारण माझ्या धंद्यातली रोजची शिस्त तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. फेखनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की संवेदनेला एक उंबरठा असतो. दोन दाबांतला फरक त्याखाली गेला की माणसाला तो कळतच नाही. पर्स आणि त्यांचा विद्यार्थी जोसेफ जॅस्ट्रो यांनी हे तपासायचं ठरवलं. एकाने पडद्याआड बसायचं आणि दुसऱ्याच्या बोटावरचा दाब अगदी किंचित वाढवायचा किंवा कमी करायचा. आधी वाढ की आधी घट, हे स्वतःच्या मर्जीने ठरवायचं नाही. पत्ते पिसून, निघेल त्या पानाप्रमाणे ठरवायचं. बसणाऱ्याने उत्तर द्यायचं आणि आपल्याला किती खात्री वाटते तेही शून्य ते तीन अशा आकड्यात सांगायचं. शून्य म्हणजे ‘मला काहीही कळलेलं नाही, नुसता अंदाज ठोकतोय’.

ऑक्टोबर १८८४ मध्ये त्यांनी हा निबंध राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे वाचला. निष्कर्ष असा की ‘काहीच कळलं नाही’ असं प्रामाणिकपणे सांगणारी माणसंसुद्धा पाचांत सुमारे तीनदा बरोबर उत्तर देत होती. नाणं उडवलं असतं तर पाचांत अडीचदा. फरक लहान आहे, पण प्रयत्न पुष्कळ असले की त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. म्हणजे फरक शरीराला लागत होता, फक्त ‘मला लागला’ ही जाणीव नव्हती. निबंधाच्या शेवटी पर्स यांनी सुचवलं की लोक ज्याला परचित्तज्ञान म्हणतात त्यातलं बरंचसं अशाच, लक्षात न येणाऱ्या संवेदनांतून येत असेल.

बाबांवाल्या काकांसाठी हा निबंध फ्रेम करून लावावा असा आहे. खात्री वाटणं ही एक गोष्ट आणि बरोबर असणं ही दुसरी; दोन्ही वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, आणि त्या मोजण्यासाठी पडदा लागतो, पिसलेले पत्ते लागतात. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली ती याच जातकुळीची. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका घेतल्या, त्यांतल्या चाळीस-चाळीस एकेका ज्योतिष्याला दिल्या आणि मूल कोणत्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. ज्योतिष्यांचा अनुभव दांडगा होता, यात शंका नाही.

जेम्स यांच्याबद्दल मी थोडक्यातच बोलेन, खरं तर ते तिघांतले सगळ्यांत वाचनीय लेखक. ‘मानसशास्त्राची तत्त्वे’ हा त्यांचा दोन खंडी ग्रंथ लिहायला बारा वर्षं लागली आणि तो १८९० साली निघाला. त्यातलं सवयीवरचं प्रकरण आजही वाचावं. पण प्रयोगशाळेचा त्यांना मनापासून कंटाळा. १८९२ साली म्युन्स्टरबर्ग यांना जर्मनीहून बोलावून ती त्यांच्या गळ्यात घातली. स्वतः मात्र बॉस्टनच्या मिसेस पायपर या प्रेतात्म्यांशी बोलणाऱ्या बाईंच्या मागे अनेक वर्षं होते. सगळे कावळे काळे नसतात हे दाखवायला एक पांढरा कावळा पुरे, आणि बाई हाच माझा पांढरा कावळा, असं ते म्हणत. अनुभवाची कदर करावी ती जेम्स यांनी, हे मान्य. पण कावळा रंगवलेला नाही ना हे बघायला पर्सच लागतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. १८९५-९६ च्या सुमारास मानसशास्त्रात एक भांडण पेटलं होतं. घंटा वाजली की बटण दाबायचं. मधला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचा. साधा प्रयोग. लाइप्झिगला लुडविग लांगे यांनी १८८८ साली दाखवलं होतं की माणसाने लक्ष आवाजाकडे ठेवलं तर वेळ जास्त लागतो आणि बोटाकडे ठेवलं तर कमी. फरक साधारण एक-दशांश सेकंदाचा. प्रिन्स्टनचे बॉल्डविन म्हणाले, आमच्याकडे तसं सगळ्यांच्या बाबतीत दिसत नाही. काही माणसं आवाजाकडे लक्ष ठेवूनच जास्त चपळ असतात. यावर कॉर्नेलचे टिचनर, वुंट यांचे पट्टशिष्य, यांनी उत्तर दिलं की तशी माणसं प्रयोगाला लायकच नाहीत. ज्याच्या अंगी योग्य मनोघडण आहे आणि ज्याला आत्मनिरीक्षणाचं शिक्षण मिळालंय, त्याचेच आकडे धरायचे.

जरा थांबून हे वाक्य ओळखीचं वाटतंय का बघा. आपल्याकडे याला अधिकारभेद म्हणतात. ‘तुम्हाला अनुभव आला नाही? तुमची श्रद्धा कमी पडली.’ अनुकूल निकाल येणाराच अधिकारी, आणि अधिकारी कोण हे निकालावरून ठरणार. टिचनर हे कडक शास्त्रज्ञ होते, भोंदू नव्हते. पण हा फास त्यांनीही स्वतःच्या गळ्यात अडकवून घेतला होता.

शिकागो विद्यापीठात त्या वेळी ड्यूई तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख होते, आणि मानसशास्त्र व शिक्षणशास्त्रही त्याच विभागात होतं. त्यांचे तरुण सहकारी जेम्स एंजेल आणि अॅडिसन मूर यांनी हा प्रयोग पुन्हा केला, पण सरावाने आकडे कसे बदलत जातात हेही टिपलं. मे १८९६ च्या ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये तो छापून आला. भांडणारे दोघेही आपापल्या जागी बरोबर, असा त्यांचा निकाल. नवखा माणूस आणि सरावलेला माणूस एकच काम करत नसतात. कान आणि हात हे आवाज ऐकण्याआधीपासून एकमेकांशी जुळवून घेत असतात, आणि त्या जुळणीत जो भाग अजून अंगवळणी पडलेला नाही, जिथे अडखळायला होतं, तिकडे लक्ष जातं. जो भाग मुरला तो आपोआप चालतो, त्याची जाणीव उरत नाही.

गाडी शिकताना क्लचकडे लक्ष असतं. वर्षभराने घरी पोचतो तेव्हा वाटेत किती वेळा गिअर बदलला ते सांगता येत नाही. (इथल्या पोरांना क्लच म्हणजे काय हे आधी सांगावं लागेल.)

दोन महिन्यांनी, जुलै १८९६ मध्ये, त्याच नियतकालिकात ड्यूई यांचा प्रतिक्षिप्त क्रियेवरचा लेख आला. त्यांनी जेम्स यांच्या ग्रंथातलं मेणबत्तीचं उदाहरण घेतलं. लहान मूल ज्योत बघतं, हात घालतं, चटका बसतो, हात मागे घेतं. शास्त्रज्ञ याचे तुकडे करत : आधी संवेदना, मग मनात कल्पना, मग हालचाल. ड्यूई म्हणतात, सुरुवातच चुकली. मुलाने ज्योत ‘बघितली’ म्हणजे मान वळवली, डोळे स्थिरावले. बघणं ही कृतीच आहे. हात पुढे गेला तरी बघणं चालूच असतं, तेच हाताला वाट दाखवतं. आणि चटका बसला म्हणजे जुन्या अनुभवाशेजारी एक नवा अनुभव येऊन बसला असं होत नाही. बघणंच बदलतं. आता मूल ‘भाजणारा उजेड’ बघतं. करणं आणि सोसणं यांचं मिळून एक वर्तुळ आहे, आणि त्या वर्तुळाला ड्यूई पुढे आयुष्यभर अनुभव म्हणत राहिले. अचानक झालेला आवाजसुद्धा सगळ्यांना एकच नसतो, असं त्याच लेखात आहे. पुस्तक वाचणाऱ्याला, शिकाऱ्याला, रात्री एकटाच पहारा देणाऱ्याला तो वेगवेगळा ऐकू येतो, कारण त्याआधी जो तो वेगळं काहीतरी करत असतो.

त्याच वर्षी जानेवारीत ड्यूईंनी विद्यापीठाची प्रायोगिक शाळा सुरू केली होती. शाळेसाठी बाकं घ्यायला ते शिकागोभर हिंडले आणि हवी तशी मिळेनात. अखेर एक चाणाक्ष दुकानदार म्हणाला की तुम्हाला मुलांनी काम करायची बाकं हवीत, आणि आमच्याकडची सगळी आहेत ती ऐकायची. मी स्वतः ‘ऐकायच्या’ बाकावर दहावीपर्यंत बसलोय, तुमच्यातलेही बहुतेक.

आता मराठी माणसाने यात का लक्ष घालावं, त्याचं मोठं कारण. १९०४ नंतर ड्यूई न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले, आणि १९१३ ते १९१६ या काळात बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आलेले भीमराव आंबेडकर त्यांच्या वर्गात बसले. ड्यूई हे वक्ते म्हणून अगदी रटाळ होते असं त्यांचे विद्यार्थीच सांगतात. पण बाबासाहेब तीस वर्षांनंतरही त्यांच्या शिकवण्याच्या लकबींची हुबेहूब नक्कल करून दाखवत, अशी माईसाहेबांची आठवण आहे. १ जून १९५२ ला ड्यूई वारले. ५ जूनला कोलंबियाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली. त्यासाठी ते येत होते आणि गुरूंना भेटण्याची त्यांना आस होती. भेट चार दिवसांनी हुकली.

१९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी ड्यूईंचं ऋण नाव घेऊन मान्य केलंय. त्यात नियम आणि तत्त्व यांच्यातला भेद आहे : नियम हा पाककृतीसारखा, काय करायचं ते सांगतो आणि सवयीने पाळला जातो, तत्त्व हे विचार करून निवाडा करण्याचं साधन. हा भेद ड्यूई आणि टफ्ट्स यांच्या १९०८ च्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकातून आलेला आहे, आणि त्यामागची सवयीची कल्पना ही प्रयोगशाळेतल्या मानसशास्त्राची. हिंदू धर्म म्हणून जे सांगितलं जातं तो नियमांचा गठ्ठा आहे, असं बाबासाहेब म्हणाले तेव्हा त्या एका शब्दाला इतका मागचा पल्ला होता. ‘एन्डॉस्मॉसिस’ हा शब्दही त्यांनी ड्यूईंकडूनच उचलला. पेशीच्या पडद्यातून द्रव झिरपतो तसं एका गटाचं जगणं दुसऱ्यापर्यंत झिरपलं पाहिजे, असा त्याचा अर्थ. १९१९ साली साउथबरो समितीपुढच्या साक्षीत तो आलाय.

पण माझ्या मते ड्यूई सगळ्यांत स्पष्ट दिसतात ते महाडला. हे माझं वाचन आहे, बाबासाहेबांनी असं कुठे लिहिलेलं नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं काही झालं नाही. गावातले सवर्ण सकाळी तळ्यावर जाऊन पाणी भरत होते, आणि त्यांना कुणी विचारलं असतं तर ‘पाणी भरतोय’ म्हणाले असते. जातीचा अनुभव? छे, कसला! ते म्हणजे मुरलेला गिअर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यापर्यंत चालत गेली, ओंजळीने पाणी प्यायली, आणि त्याच दिवशी सगळ्या महाडला जातीचा अनुभव आला. परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले, मागाहून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. खटला चालला तो थेट मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात संपला. सवय अडली की दिसते. तोपर्यंत ती नुसतं आयुष्य असते. ज्याची वाट रोज अडते त्याला ती रोज दिसते, यासाठी त्याला काही वेगळी दृष्टी असावी लागत नाही.

ड्यूईंचा कमकुवत भागही इथेच दिसतो. माणसं एकत्र बसली, विचारपूस झाली, तर सवयी बदलतील, असा त्यांचा भरवसा होता. पडद्याच्या पलीकडच्याला झिरपू द्यायचंच नसेल तर काय, याचं उत्तर त्यांच्याकडे फिकं आहे. बाबासाहेबांनी महाड केलं, नाशिकचं काळाराम मंदिर केलं, निकाल तपासला आणि १९३५ साली येवल्याला वाट बदलली.

आता आपल्या सॉकरच्या मैदानाकडे परत. ‘मला कधी अनुभव आला नाही’ या वाक्यातून इतकंच कळतं की बोलणाऱ्याची वाट अडली नाही. दुसऱ्या बाजूने, ज्याची वाट अडली त्याचा प्रत्येक तर्क बरोबरच असेल असंही नाही. नोकरीचं बोलावणं आलं नाही ते आडनावामुळे की मंदीमुळे, हे त्या एकट्याला कळायला मार्ग नसतो. इथे पुन्हा पर्सचे पत्ते लागतात. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी भारतातल्या खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. लायकी सारखी, नावं मात्र सवर्ण, दलित आणि मुस्लिम वळणाची. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निकाल आला. पुढचं बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर सवर्ण नावाला १ धरलं तर दलित नावाला ०.६७, मुस्लिम नावाला ०.३३. अर्ज छाननाऱ्यांपैकी कुणाला त्या सकाळी जातीचा अनुभव आला असेल असं मला वाटत नाही. ते अर्ज चाळत होते.

आपल्या मंडळाच्या कुटुंब-सूचीत आडनावापुढे ‘मूळ गाव’ आणि ‘कुलदैवत’ असे दोन रकाने अजून आहेत. ते कुणी, कशासाठी ठेवले, आणि काढले तर नक्की कुणाला टोचेल, हे पुढच्या कार्यकारिणीत विचारावं असा माझा विचार आहे. एक वर्ष काढून बघू आणि कोण काय म्हणतं ते लिहून ठेवू.

आता प्रश्न घ्यायला हरकत नाही. मिसेस पायपरचं नाव निघाल्यापासून मागच्या रांगेतल्या डॉक्टरांचा हात वर आहे, तेव्हा पहिला मान त्यांचा.